पंचवीस सेंटांचं वाळवंट

'मॅकेन्नाज गोल्ड' १९६९ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याचं फारसं स्वागत झालं नाही. भारतात मात्र तो वर्षानुवर्षं चालला. मुंबईत चालला, पुण्यात चालला, जिल्ह्याच्या गावी फिरत फिरत पुन्हा मुंबईत येऊन चालला. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, सूर्य उगवताना सुळक्याची लांबत जाणारी सावली आणि शेवटी कोसळणारी सोन्याची दरी, हे सगळं इंग्रजी न कळणाऱ्या प्रेक्षकांनाही पाठ होतं. हा चित्रपट १९६३ सालच्या एका कादंबरीवरून काढला होता आणि त्या कादंबरीवर लेखक म्हणून विल हेन्री असं नाव छापलं होतं. या नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता.

खरा लेखक हेन्री विल्सन ॲलन. जन्म १९१२, कॅन्सस सिटी. पोटापाण्यासाठी तो एमजीएमच्या कार्टून विभागात होता. टेक्स एव्हरी या अवलिया दिग्दर्शकाच्या हाताखाली 'हेक ॲलन' या नावानं तो ड्रूपी कुत्र्याच्या आणि इतर व्यंगपटांच्या कथा रचायचा. पहिली कादंबरी 'नो सर्व्हायव्हर्स' १९५० मध्ये छापून आली, तेव्हा स्टुडिओला आपला हा दुसरा उद्योग आवडणार नाही या धास्तीनं त्यानं टोपणनाव घेतलं. पुढं लिखाण वाढलं तसं एक नाव पुरेना, म्हणून 'क्ले फिशर' हे आणखी एक घेतलं. एकाच माणसाची पुस्तकं दुकानातल्या दोन कप्प्यांत दोन लेखकांची म्हणून उभी राहू लागली. त्यातलं 'फ्रॉम व्हेअर द सन नाऊ स्टँड्स' हे १९६० चं पुस्तक माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम आहे. १८७७ साली नेझ पर्स जमातीनं अमेरिकन सैन्यापासून जीव वाचवत कॅनडाच्या दिशेनं केलेली ती भयंकर वाटचाल त्यात आहे, आणि ती सांगतो त्या जमातीतला एक तरुण. गोऱ्या सैनिकाच्या खोगिरावरून तो इतिहास पाहायची सवय लागलेल्या वाचकांपुढं हे पुस्तक ठेवणं, तेही त्या काळात, साधी गोष्ट नव्हती.

चित्रपट लक्षात राहिला, लेखक नाही. हे एकट्या ॲलनच्या बाबतीत घडलं असतं तर नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९४० ते १९७५ या काळात अमेरिकेत वेस्टर्न कादंबऱ्यांची जी प्रचंड लाट आली, तिच्यातले बहुतेक सगळे लेखक असेच पुसले गेले. त्यांचं पुसलं जाणं त्या धंद्याच्या रचनेतच होतं.

गुराख्यांची आणि बंदूकबाजांची गोष्ट विकणं ही पेपरबॅकवाल्यांची कल्पना नव्हे. न्यूयॉर्कच्या बीडल कंपनीनं १८६० सालीच दहा सेंटांच्या 'डाइम नॉव्हेल' काढायला सुरुवात केली होती. टेक्सासहून उत्तरेकडं गुरांचे कळप हाकत नेण्याचा तो प्रसिद्ध काळ प्रत्यक्षात जेमतेम वीस वर्षांचा, आणि १८९० च्या जनगणनेनं तर सरहद्द अशी आता उरलीच नाही असं जाहीर करून टाकलं. प्रत्यक्षातला पश्चिम संपला आणि छापील पश्चिम फोफावला. ओवेन विस्टरचं 'द व्हर्जिनियन' १९०२ चं, दाताचा डॉक्टर असलेल्या झेन ग्रेचं 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' १९१२ चं. मग पल्प मासिकं आली, लाकडाच्या लगद्याच्या खरखरीत कागदावर छापलेली, शब्दामागं एक-दोन सेंट देणारी. हा सगळा पूर्वेतिहास माहीत असावा इतपतच. आपली गोष्ट सुरू होते जून १९३९ मध्ये.

त्या महिन्यात रॉबर्ट डी ग्राफनं न्यूयॉर्कमध्ये पॉकेट बुक्सची पहिली दहा पुस्तकं बाजारात आणली. किंमत २५ सेंट. त्याची खरी हुशारी किमतीपेक्षा वाटपात होती. अमेरिकेच्या लहान गावांत पुस्तकांची दुकानं नव्हतीच. पण औषधांपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं विकणारं ड्रगस्टोअर प्रत्येक गावात होतं, बसस्थानक होतं, वर्तमानपत्रांचा ठेला होता. तिथं मासिकं पोहोचवणारे घाऊक वितरक होते. डी ग्राफनं पुस्तक त्यांच्या हवाली केलं. तारेचा फिरता रॅक, त्यावर रंगीत मुखपृष्ठं, आणि बसची वाट पाहणारा माणूस. एवढ्या भांडवलावर पुढच्या पाच-सहा वर्षांत एव्हन, पॉप्युलर लायब्ररी, डेल आणि बँटम अशा कंपन्या उभ्या राहिल्या.

मध्येच युद्ध आलं आणि वाचकवर्गच बदलून गेला. १९४३ पासून १९४७ पर्यंत अमेरिकन सैनिकांना 'आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन' या नावानं फुकट पुस्तकं वाटली गेली. मासिकांच्या छपाईयंत्रांवर एकाखाली एक अशी दोन पुस्तकं छापून मग मधून कापत, त्यामुळं ती उंचीपेक्षा रुंदीला जास्त असत आणि गणवेशाच्या खिशात बसत. एकूण १,३२२ पुस्तकं, १२ कोटींहून जास्त प्रती. त्यांत वेस्टर्नवाल्यांपैकी अर्नेस्ट हेकॉक्स होता, ल्यूक शॉर्ट होता, मॅक्स ब्रँड होता. मॅक्स ब्रँड म्हणजे फ्रेडरिक फाऊस्ट. तो स्वतःच युद्धवार्ताहर म्हणून इटलीच्या आघाडीवर गेला आणि १९४४ मध्ये तिथं मारला गेला. शाळेनंतर पुस्तक हातात न धरलेली लाखो तरुण माणसं छावणीत, जहाजावर, इस्पितळात वाचायला शिकली आणि घरी परतल्यावर ड्रगस्टोअरच्या रॅकपाशी उभी राहिली.

तोपर्यंत पेपरबॅक म्हणजे आधी कापडी बांधणीत येऊन गेलेल्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती. मूळ प्रकाशक मानधनातला मोठा वाटा ठेवून घेई. हे गणित फॉसेट कंपनीनं १९५० मध्ये मोडलं, आणि तेही एका कराराच्या अडचणीपोटी. फॉसेट ही वितरक कंपनी. सिग्नेटची पुस्तकं ती पोहोचवत असे, आणि त्या करारानं तिला स्वतः पुनर्मुद्रणाच्या धंद्यात उतरायला मनाई होती. मग पुनर्मुद्रण नको, कोरी हस्तलिखितंच थेट पेपरबॅकमध्ये छापू, असं ठरवून तिनं 'गोल्ड मेडल' ही मालिका काढली. लेखकाला पैसे मिळत ते छापलेल्या प्रतींवर, खपाची वाट न पाहता. सुरुवातीला एका कादंबरीला साधारण २,००० डॉलर हातात पडत. याच सुमारास, १९५३ मध्ये, एल्मोर लिओनार्डला 'थ्री-टेन टू युमा' या कथेसाठी एका पल्प मासिकानं शब्दाला दोन सेंट या दरानं ९० डॉलर दिले होते, हे शेजारी ठेवून पाहिलं की लेखक गोल्ड मेडलकडं का धावले ते समजतं. पल्प मासिकं त्या दशकात मरत होती. त्यांवर जगणारी अख्खी फौज पेपरबॅकमध्ये आली.

लुई लामूर त्यांतलाच एक. त्याची एक कथा १९५२ मध्ये 'कॉलिअर्स'मध्ये आली, जॉन वेननं तिच्यावर चित्रपट काढला आणि १९५३ मध्ये गोल्ड मेडलनं 'हाँडो' ही कादंबरी वेनच्या शिफारशीसह बाजारात आणली. पुढं तो किती गाजला ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते त्याच रॅकवर त्याच्या डाव्या-उजव्या हाताला असलेल्यांबद्दल.

क्लिफ्टन ॲडम्स ओक्लाहोमाचा. त्याची 'द डेस्परॅडो' १९५० मध्ये, गोल्ड मेडलच्या अगदी पहिल्या वर्षात आली. यादवी युद्धानंतरचा टेक्सास, विजेत्या उत्तरेच्या पोलिसांची मुजोरी, आणि टॉल कॅमेरॉन हा तरुण पोरगा. परिस्थितीनं घराबाहेर पडलेल्या या पोराला पॅपी गॅरेट नावाचा मुरलेला बंदूकबाज भेटतो, आणि जगायचं कसं हे शिकवता शिकवता तो त्याला मारायचं कसं हे शिकवतो. निवेदन टॉलच्याच तोंडी आहे. प्रत्येक खुनाला त्याच्याकडं कारण आहे, आणि प्रत्येक कारणागणिक तो आपल्या घरापासून आणखी लांब जातो. वाचताना आपण त्याच्या बाजूचे असतो आणि पुस्तक अर्ध्यावर आल्यावर आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत याची भीती वाटू लागते. ॲडम्सला पुढं १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षं वेस्टर्न लेखकांच्या संघटनेचे स्पर पुरस्कार मिळाले. १९७१ मध्ये तो वारला, आणि काही वर्षांतच दुकानातून नाहीसा झाला.

त्याहून काळोखी कादंबरी हेन्री अँड्र्यू डी रोसोची. हा विस्कॉन्सिनच्या लोखंडाच्या खाणींच्या मुलखातला माणूस. १९५३ साली लायन बुक्सनं त्याची '.४४' छापली; नाव फक्त बंदुकीच्या गोळीच्या मापाचं. पैसे घेऊन माणूस मारणारा हार्लंड एका सावजासमोर उभा राहतो. समोरच्याचा हात त्याच्याआधी बंदुकीवर जातो, बंदूक आधी बाहेर येते, पण तो माणूस चाप ओढत नाही. हार्लंड ओढतो. आपल्याला मारू शकत असताना त्यानं का मारलं नाही, आणि आपल्याला हे काम कुणी दिलं होतं, या दोन प्रश्नांनी हार्लंडला ग्रासलं आहे आणि सगळी कादंबरी त्या शोधाची आहे. त्यातला निसर्गही सुंदर नाही. ऊन, धूळ आणि मनात घर करून बसलेली अपराधाची भावना. डी रोसो १९६० मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर लगेचच गेला. अशी कादंबरी प्रतिष्ठित प्रकाशनानं कापडी बांधणीत काढली असती तर समीक्षकांनी तिच्यावर लिहिलं असतं. २५ सेंटांच्या पुस्तकाचं परीक्षण कुणी करत नसे.

परीक्षण होत नसे, म्हणूनच या लेखकांना मोकळीक होती असं मला वाटतं. मुखपृष्ठावर घोडा, बंदूक आणि जमल्यास एक स्त्री एवढं असलं की आत काय आहे याची वरिष्ठांना फिकीर नसे. त्या आडोशाला बसून कित्येकांनी युद्धाहून परतलेल्या माणसाच्या मनात असतं ते सगळं लिहून काढलं. लिओनार्डही पॅसिफिकमध्ये नौदलात होता. परतल्यावर तो डेट्रॉइटच्या एका जाहिरात कंपनीत शेवरलेच्या जाहिराती लिहायचा आणि पहाटे पाचला उठून कामावर जाण्याआधी कादंबरी लिहायचा. ॲरिझोनाचं वर्णन तो 'ॲरिझोना हायवेज' हे मासिक समोर ठेवून करी.

त्याची 'ओम्ब्रे' १९६१ मध्ये बॅलंटाइननं पेपरबॅकमध्ये काढली, मानधन १,२५० डॉलर. अपाचींमध्ये वाढलेला जॉन रसेल टपालगाडीतून निघतो. तो कोण आहे हे कळताच सभ्य सहप्रवाशांना त्याच्याशेजारी बसणं नकोसं होतं आणि त्याला वर, गाडीवानाजवळ बसायला लावतात. मग दरोडा पडतो, पाणी संपत येतं आणि त्याच प्रवाशांचा जीव रसेलच्या हातात येतो. जो समाज आपल्याला शेजारी बसू देत नाही, त्याच्यासाठी जीव धोक्यात घालायचा का, हा प्रश्न लिओनार्डनं एकही भाषण न लिहिता विचारला आहे. आपल्याकडच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही.

त्या काळच्या बहुसंख्य वेस्टर्नमध्ये मूळ रहिवासी आरडाओरड करत टेकडीवरून खाली येतात, गोळ्या खातात आणि पडतात. शेकड्यांनी पुस्तकं अशीच आहेत, आणि ती विसरली गेली याची हळहळ मला नाही. हळहळ वाटते ती त्याच ढिगाऱ्यात डोरोथी जॉन्सन गाडली गेली याची. मॉन्टानातल्या व्हाइटफिश गावात वाढलेली ही बाई न्यूयॉर्कमध्ये पंधरा वर्षं मासिकांची संपादक होती. नंतर मॉन्टानात परतून तिनं पत्रकारिता शिकवली. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स', 'अ मॅन कॉल्ड हॉर्स' आणि 'द हँगिंग ट्री' या तिन्ही चित्रपटांच्या मूळ कथा तिच्या. तिची 'लॉस्ट सिस्टर' ही कथा मी तिच्या सगळ्या लेखनात वरच्या जागी ठेवीन. लहानपणी पळवून नेलेली बहीण चाळीस वर्षांनी सैन्याकरवी 'सोडवून' आणली जाते, बहिणी तिचं प्रेमानं स्वागत करतात, आणि ती बाई त्या घरात कैदी होऊन बसते, कारण तिचं घर, तिचा मुलगा, तिची माणसं पलीकडं आहेत. जेमतेम काही पानांत जॉन्सन सुटका आणि कैद यांची जागा बदलून दाखवते.

मुखपृष्ठांबद्दल लिहायला हवं, कारण पुढं या पुस्तकांना वाचवलं ते आधी चित्रांनी. डेलच्या पुस्तकांच्या मागच्या बाजूला कथेतल्या मुलखाचा नकाशा असे: इथं रँच, इथं खिंड, इथं प्रेत सापडलं. पुढच्या बाजूची चित्रं अनेकदा रॉबर्ट स्टॅन्लीची असत. त्यातला नायक तो स्वतः आणि नायिका त्याची बायको असे. जेम्स बामा हा न्यूयॉर्कचा मुलगा बँटमसाठी चित्रं काढता काढता त्या मुलखाच्या इतका प्रेमात पडला की १९६८ मध्ये शहर सोडून वायोमिंगला राहायला गेला आणि उरलेलं आयुष्य तिथल्या खऱ्या गुराख्यांची चित्रं काढत राहिला.

शब्दांच्या वाट्याला मात्र एवढा आदर आला नाही. एस कंपनी १९५२ पासून दोन कादंबऱ्या पाठीला पाठ लावून, एक सुलटी एक उलटी, अशा एकाच पुस्तकात ३५ सेंटांना विकायची. पानं ठरलेली, म्हणून मजकूर कापायचा. शीर्षक खपाऊ नाही, म्हणून बदलायचं. लेस सॅव्हेज हा लेखक गोरा नायक आणि मूळ रहिवासी किंवा मेक्सिकन स्त्री यांचं नातं सरळपणे लिहायचा. संपादक ते काढून टाकायचे. १९५८ मध्ये तो पस्तिशीतच वारला. आणि नावं तर कंपनीच्या मालकीची असल्यासारखी होती. विल्यम आर्डनं गोल्ड मेडलसाठी 'जोनास वॉर्ड' या नावानं ब्युकॅनन नावाच्या नायकाची मालिका सुरू केली. १९६० मध्ये ३७ व्या वर्षी आर्ड गेला. जोनास वॉर्ड मात्र लिहीतच राहिला. अर्धवट कादंबरी रॉबर्ट सिल्व्हरबर्गनं पुरी केली, मग ब्रायन गारफिल्ड आला, मग विल्यम कॉक्स. वाचकांना पत्ताच नव्हता.

आता त्या धंद्याचा सर्वांत क्रूर भाग. ठेल्यावरचं पुस्तक ठरावीक दिवसांत विकलं नाही तर ते परत पाठवायचं. पण जाडजूड पुस्तक परत पाठवण्याचा खर्च प्रकाशकाला परवडत नसे. म्हणून दुकानदारानं फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवायचं, त्याचे पैसे वळते व्हायचे, आणि उरलेलं पुस्तक रद्दीत. हा नियम सगळ्यांना सारखाच लागू होता, चांगल्याला आणि वाईटाला. जी वाचली ती आम्लयुक्त कागदावरची, डिंकानं चिकटवलेली. वीस वर्षांत पानं पिवळी पडून कडांना तुटायची. ग्रंथालयं ती घेत नसत. नवीन महिन्याला नवीन पुस्तकं, जुन्यांना जागा नाही. मासिकाची वितरणव्यवस्था घेतली तेव्हाच पुस्तकानं मासिकाचं आयुष्यही घेतलं होतं.

दूरचित्रवाणीनं शेवटचा धक्का दिला. १९५८-५९ च्या हंगामात अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते. रोज रात्री फुकट मिळणारी गोष्ट २५ सेंट देऊन कोण वाचणार? साठच्या दशकात बाजार आटला. लिओनार्ड गुन्हेगारी कादंबऱ्यांकडं वळला आणि तिथं मोठा झाला. सत्तरच्या दशकात रॅकवर कामुक मजकुराच्या मालिका आल्या आणि एका कोपऱ्यात उरला लामूर. बँटमनं त्याची जुनी पुस्तकं सतत छापत ठेवली. तो चांगला गोष्ट सांगणारा होताच. पण तो आठवणीत राहिला आणि क्लिफ्टन ॲडम्स राहिला नाही, यात लेखनगुणांपेक्षा गोदामात प्रती असण्याचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडं तर गोष्ट आणखी वेगळी झाली. इंग्रजी पुस्तकांच्या जुन्या वाटणीनुसार भारत ब्रिटिश प्रकाशकांच्या हद्दीत होता. त्यामुळं मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत जो पश्चिम आला तो बराचसा लंडनच्या कॉर्गी कंपनीचा. 'सडन' या काळ्या पोशाखातल्या बंदूकबाजाची कितीतरी मराठी घरांत पारायणं झाली. त्याचा जनक ऑलिव्हर स्ट्रेंज हा लंडनच्या मासिकांच्या कचेरीतला इंग्रज, पहिलं पुस्तक १९३० चं. त्याच्यामागं मालिका पुढं नेणारा फ्रेडरिक ख्रिश्चन म्हणजे कॉर्गीत काम करणारा फ्रेडरिक नोलन, आणि हा नोलन पुढं बिली द किडच्या खऱ्या इतिहासाचा असा अभ्यासक झाला की अमेरिकनांनीही त्याला मान दिला. जे. टी. एडसन ब्रिटिश सैन्यात कुत्र्यांना शिकवायचा, नंतर मासे-बटाटे तळून विकायचा, पोस्टमन होता. त्यानं १३७ कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या वाचकांना स्ट्रेंज आणि एडसन यांची नावं तोंडपाठ, आणि ज्यांच्या देशाची ही गोष्ट त्या ॲडम्स, डी रोसो, जॉन्सनची ओळखही नाही, याचं कारण हद्दीच्या त्या वाटणीत आहे.

शोध परत सुरू झाला तो विद्यापीठांच्या बाहेर. सत्तरच्या दशकात काही माणसं जुन्या बाजारांतून, गॅरेज-विक्रीतून ही पुस्तकं गोळा करू लागली. बहुतेकांना आधी चित्रं हवी होती. १९७८ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउनवुड या गावातून 'पेपरबॅक क्वार्टर्ली' निघू लागलं. १९८१ मध्ये पीट श्रोडर्स या डच ग्राफिक डिझायनरनं १९३९ ते १९५९ या काळातल्या अमेरिकन पेपरबॅकचा सचित्र इतिहास लिहिला. जिवंत असलेले चित्रकार शोधून तो त्यांना भेटला. परक्या देशातल्या माणसानं येऊन सांगावं लागलं की तुमच्या रद्दीत हे पडलं आहे. चित्रांमागून पुस्तकांच्या क्रमांकांच्या याद्या आल्या, याद्यांमागून प्रश्न आला की ही नावं कुणाची. उत्तरं सरकारी कॉपीराइट नोंदींच्या जाडजूड वह्यांत होती, कारण तिथं टोपणनावासोबत बहुतेक वेळा खरं नाव नोंदवलेलं असे. ओळीमागून ओळ तपासत लोकांनी माणसं परत जोडली. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठानं १९६९ मध्येच लोकप्रिय साहित्याचं स्वतंत्र ग्रंथालय सुरू केलं होतं. डेलनं १९७६ मध्ये आपल्या दप्तरी प्रती लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या, आणि सैनिकांसाठीच्या त्या १,३२२ पुस्तकांचा पूर्ण संचही तिथं आहे.

हॅरी व्हिटिंग्टनची कथा या सगळ्यात मला फार लागते. फ्लोरिडाचा हा माणूस दीडशेहून जास्त कादंबऱ्यांचा धनी. गोल्ड मेडलसाठी 'सॅडल द स्टॉर्म', 'डेझर्ट स्टेक-आउट' अशा नेटक्या वेस्टर्न त्यानं लिहिल्या. बाजार पडला तसा तो खचला आणि १९६८ मध्ये सरकारी कृषी खात्यात नोकरीला लागला. काही वर्षांनी तो दुसऱ्या नावानं लेखनात परतला. त्या मधल्या काळात फ्रान्समध्ये त्याची जुनी पुस्तकं मानानं वाचली जात होती. ऐंशीच्या दशकात बर्कलीच्या ब्लॅक लिझर्ड प्रकाशनानं त्याच्या गुन्हेगारी कादंबऱ्या पुन्हा छापल्या. १९८९ मध्ये तो गेला. स्वतःचं पुनरुज्जीवन पाहायला मिळालेल्या मोजक्यांपैकी तो एक.

वेस्टर्नची पाळी त्यामानानं उशिरा आली. बिल प्रोंझिनी आणि एड गॉर्मन हे दोघं स्वतः गुन्हेगारी कथांचे लेखक. त्यांनी मासिकांत पडून राहिलेल्या वेस्टर्न कथा शोधून संग्रह काढले. डी रोसोच्या कथांचं पुस्तक प्रोंझिनीनं १९९७ मध्ये संपादित केलं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी. जॉन तुस्का आणि विकी पिएकार्स्की यांनी वारसांशी संपर्क साधून मूळ टंकलिखितं मिळवली आणि सॅव्हेजच्या कादंबऱ्या संपादकांनी कापण्याआधीच्या रूपात फाइव्ह स्टार मालिकेत छापल्या. नव्वदच्या दशकात लेझर बुक्सनं त्या स्वस्त आवृत्त्यांत पुन्हा रॅकवर नेल्या. २०१० मध्ये त्या कंपनीनं स्वस्त पेपरबॅकच बंद केले आणि ती वाट पुन्हा अडली.

प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या साहित्याला जाग आली ती जॉन विल्यम्समुळं. त्याची 'बुचर्स क्रॉसिंग' १९६० ची, रानरेड्यांच्या कत्तलीची कादंबरी. न्यूयॉर्क टाइम्सनं ती वेस्टर्नच्या स्तंभात टाकली, परीक्षण वेस्टर्न लेखक नेल्सन नाय याच्याकडं गेलं, आणि विल्यम्सला त्याचा अतिशय मनस्ताप झाला. २००७ मध्ये न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सच्या अभिजात मालिकेत ती आली तेव्हा तीच कादंबरी थोर ठरली. मला यात एक अन्यायही दिसतो. विल्यम्सला बाहेर काढताना सगळ्यांनी आवर्जून सांगितलं की ही काही नुसती वेस्टर्न नाही. जॉन्सनच्या कथा आणि '.४४' वेस्टर्नच आहेत, शंभर टक्के, आणि तरीही थोर आहेत.

आज या पुस्तकांची वाट थोडी मोकळी झाली आहे ती एका कायद्याच्या कलमामुळं. १९६४ पूर्वी अमेरिकेत छापलेल्या पुस्तकाचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नव्यानं नोंदवावा लागे. कापडी बांधणीच्या लेखकांचे दलाल, वकील ते काम करत. पेपरबॅकवाले कित्येक तोवर वारले होते, वारसांना अशी काही मालमत्ता आपल्याकडं आहे हेच माहीत नव्हतं, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या होत्या. नोंदणी राहून गेली आणि पुस्तकं सर्वांची झाली. स्टार्क हाउससारखे छोटे प्रकाशक त्या काळातल्या कादंबऱ्या पुन्हा काढत आहेत, काही जण जुन्या प्रती पान न् पान छायाचित्रित करून ठेवत आहेत. त्यासाठी अनेकदा जुनी प्रत कण्यापासून सुटी करावी लागते, कारण डिंक वाळून तडकलेला असतो आणि पान उलगडताच हातात येतं. मुखपृष्ठ फाडलेल्या प्रतीही त्यांना चालतात. मजकूर पुरा असला म्हणजे झालं. काही पुस्तकांवरची नावं मात्र अजून नुसती नावंच आहेत, आणि त्यांच्यासाठी त्या नोंदवह्या अजून चाळल्या जात आहेत.